ई-कचऱ्यातल्या खजिन्याचे राखणदार : जिवाणू

जुनी हार्ड डिस्क कधी उघडून पाहिलीत? हेड हलवणाऱ्या भागाशी बाकदार, चकचकीत चुंबक असतात. त्यांच्या मुख्य संयुगात निओडायमियमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू असतो. अणुभार घेऊन गणित करा, वजनाच्या जवळजवळ २७ टक्के निओडायमियम निघेल! पण भंगारवाल्याच्या लेखी ते नुसते लोखंड. भट्टीत गेले की निओडायमियम ऑक्सिजनशी जुळते आणि मळीत जाते, म्हणजे संपलेच.

२०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. दुर्मिळ मृदा धातूंच्या मागणीपैकी १ टक्कासुद्धा त्यातून भागत नाही. चीनने २०१० आणि २०२५ मध्ये निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा मोटारी बनवणाऱ्यांचे धाबे का दणाणले ते यावरून कळते.

तीव्र आम्लांनी हे धातू काढता येतात, पण मग विषारी सांडपाण्याचे काय? इथे जिवाणू कामाला येतात. काम दोन टप्प्यांत होते.

१) विरघळवणे : ग्लुकोनोबॅक्टर ऑक्सिडन्स हा जिवाणू ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतो. हे आम्ल धातूला विरघळवते आणि त्याच्या आयनाला धरूनही ठेवते. धातूंचे विष जिवाणूंना बाधू नये म्हणून एका टाकीत जिवाणू वाढवायचे आणि त्यांचे आम्ल दुसऱ्या टाकीतल्या भुकटीवर सोडायचे.

२) वेचणे : द्रावणात लोखंड, कॅल्शियम असे बरेच काही असते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठात जोसेफ कोत्रुवो यांच्या गटाने एका जिवाणूतले लॅनमोड्युलिन हे प्रथिन उजेडात आणले. मिथेनॉल पचवायला तो जिवाणू लँथॅनमसारखे धातू वापरतो, म्हणून हे प्रथिन कॅल्शियमला बाजूला सारून नेमके तेच पकडते. २०२३ मध्ये दुसऱ्या एका जिवाणूतले असेच प्रथिन वापरून निओडायमियम आणि डिस्प्रोशियम वेगळे करून दाखवले गेले. एरवी यासाठी विद्रावकाच्या कितीतरी फेऱ्या लागतात.

मग अडते कुठे? एक म्हणजे वेग : आम्लाला तास पुरतात, इथे दिवस लागू शकतात. दुसरे, ग्लुकोजचा खर्च. तिसरे, माल : अमेरिकेतल्या आयडाहो प्रयोगशाळेच्या प्रयोगात तेलशुद्धीकरणाच्या कॅटॅलिस्टमधून धातू बऱ्यापैकी सुटले, पण ट्यूबलाइटच्या फॉस्फर पावडरमधून फारच थोडे.

तेव्हा हे काम एकट्या बायोटेकवाल्यांचे नाही. चुंबक झटपट सुटे करणारे यंत्र मेकॅनिकलने करायचे, टाकी केमिकलने. आणि मुळात चुंबक सहज निघेल अशी वस्तू डिझाइन करायची, हे आपल्या सगळ्यांचेच काम.