टीबीचा पहिला महिना आणि मनाची शांती



टीबीच्या उपचाराचा पहिला महिना अवघड जातो. मळमळ होते, अंगात त्राण नसते, गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते. त्यात ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती. सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराचे दुखणे हा पहिला बाण, त्यावर शोक करीत बसणे हा दुसरा. पहिल्यावर औषध आहे. दुसरा आपणच अडवायचा.

रोज गोळ्या घेतल्यावर खिडकीशी बसा. येणारा-जाणारा श्वास दहापर्यंत मोजा. खोकला आला तर तोंडाला रुमाल लावा, पुन्हा एकपासून सुरू करा. आनापानसतीची ही सुरुवात आहे. घरच्यांनी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा.

संध्याकाळच्या वंदनेला रुग्णालाही बसवा. खिडकी उघडी, त्याच्या तोंडाला मास्क, एवढे पुरे. त्याचे ताट-पेला मात्र वेगळा काढू नका. टीबी भांड्यांतून नव्हे, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. वेगळ्या भांड्यांचा अपमान आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तो आपल्याच घरात नको.

शांत राहणे म्हणजे अंगावर काढणे नव्हे. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. मन फारच खचले तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. साध्या टीबीलाही सहा महिने लागतात.