आमच्या जिल्ह्यांतील भूगर्भजल व फ्लोराइड

भूगर्भांतील पाणी दूषित झालें असें म्हणतांच अमेरिकेंतील वाचकास प्रथम पेट्रोलची टांकी आठवते. जमिनींत पुरलेली टांकी गंजते आणि पेट्रोल झिरपून विहिरींच्या पाण्यास मिळतें. पेट्रोलांत मिसळलेल्या एका द्रव्यापायीं सांता मोनिका शहरास १९९६ सालीं आपल्या पुष्कळ विहिरी बंद कराव्या लागल्या, व तें पाणी पुन्हां पिण्याजोगें होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तथापि तेथें दोषाचें मूळ तरी मनुष्याच्या हातचें होतें. टांकी उकरून काढतां येते, पाण्यावर तरंगणारें पेट्रोल उपसतां येतें. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत टांकी म्हणजे प्रत्यक्ष खडकच होय, आणि तो कोण उकरणार?

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. परंतु केळापूर, वणी, झरी-जामणी ह्या बाजूस त्याखालील जुने खडक वर येतात. खडकांतील कांहीं खनिजांत फ्लोराइड असतें. पाणी त्यांच्या सहवासांत जितका अधिक काळ राहील, तितका त्याचा अंश अधिक विरघळतो. पाण्यांत चुना विपुल असल्यास तो फ्लोराइडला धरून खालीं बसवितो. चुना थोडा व सोडा अधिक असल्यास ही अटक राहत नाहीं. पांढरकवडा परिसरांतील अशा पाण्याविषयींचा शास्त्रीय लेख २००७ सालीं 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आहे.

भारतीय मानकाप्रमाणें एका लिटर पाण्यांत फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावें. दुसरें पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालतें. त्यापुढें, दांत बनत असण्याच्या वयांत हें पाणी पोटांत गेलें, तर त्यांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात व ते जन्मभर जात नाहींत. अशा मुलास 'दांत घासत नाहींस' म्हणून वर्गांत रागावणें हा अन्याय होय, आणि हें आम्हां शिक्षकांसच प्रथम कळावयास हवें. प्रमाण फार असेल तर पुढें सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. ह्या अस्थिविकाराची आपल्या देशांतील शास्त्रीय नोंद मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांतून १९३७ सालींच झाली होती.

खेदाची गोष्ट ही कीं, हें पाणी सद्‌हेतूनेंच वर आणलें गेलें. उघड्या विहिरी व पायऱ्यांच्या बारवा म्हणजे पटकी व नारू ह्यांचीं घरें होतीं; म्हणून खोल विंधन विहिरी व हातपंप आले. 'इंडिया मार्क दोन' ह्या पंपाची पूर्वपीठिका सोलापूर व जालना येथील मिशनच्या लोकांनीं बनविलेल्या पंपांत आहे. नारू देशांतून नाहींसा झाला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसें जाहीर केलें. त्या श्रमांस आम्ही दोष देणार नाहीं. पण खोल पाणी म्हणजे शुद्ध पाणी हा समज मात्र टिकत नाहीं. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. आणि उकळल्यानें तें जात तर नाहींच, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें.

नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें शोधलेली नळगोंडा पद्धत सर्वांत सोपी. बादलीभर पाण्यांत चुना व ब्लीचिंग पावडर घालावी, मग तुरटीचें द्रावण घालून दहा मिनिटें ढवळावें, आणि तासभर निवूं द्यावें. तुरटीपासून झालेल्या गाळांत फ्लोराइड अडकून तळाशीं बसतें. वरचें नितळ पाणी घ्यावें व गाळ विहिरीजवळ टाकूं नये. तुरटीचें माप पाण्याच्या परीक्षेवरूनच ठरतें, अंदाजानें नव्हे. दुसरा उपाय सक्रिय अॅल्युमिनाच्या गाळणीचा. ती कांहीं काळानें भरून जाते आणि पाणी पूर्वीइतकेंच स्वच्छ दिसत राहतें; म्हणून तिची वेळोवेळीं परीक्षा करणारा मनुष्य नेमलेला नसेल, तर अशी गाळणी बसविणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

गांवांतील प्रत्येक विहिरीचें पाणी निरनिराळें तपासून घ्यावें. एकाच गांवांत दोन पंपांचें प्रमाण सारखें नसतें, व पुष्कळदां जुन्या उथळ विहिरींत तें कमी आढळतें. मात्र तिचें पाणी जंतूंसाठीं शुद्ध करून घेतलें पाहिजे. सदोष पंपाचें पाणी धुण्याभांड्यांस चालेल. स्वयंपाकास तें घेऊं नये, कारण डाळभात शिजतांना तें सर्व अन्नांतच मुरतें.