धारवाडला निघालेल्या भाचीला

कर्नाटक विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राला प्रवेश मिळाला, फार बरं झालं. तिथं फॉरेन्सिकही आहे. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग यांची भुरळ सगळ्यांनाच पडते, तुलाही पडू दे. पण तुरुंग आणि पुनर्वसनाचा विषय मार्कांपुरता वाचून सोडू नकोस. परिविक्षा अधिकारी म्हणून जन्म काढलाय, म्हणून सांगते.

तुरुंगात जाशील तेव्हा भेटतील ते बहुतेक कच्चे कैदी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातल्या ४,३४,३०२ जणांचा खटला संपायचाच होता. तेव्हा वहीत आधी तारखा उतरव: अटक कधी, कलम कोणतं, पुढची तारीख कधी. समज, साधी चोरी आहे. न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिलाच गुन्हा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे एक तृतीयांश, म्हणजे वर्षभर आत काढलं की सुटकेची वाट मोकळी होते. तुरुंग अधीक्षकानं स्वतः कोर्टाला तसा लेखी अर्ज करायचा असतो. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ही सवलत नाही, आणि अंगावर आणखी खटले असतील तरीही नाही. हा हिशेब तोंडी करता आला पाहिजे, कारण आतल्या माणसाला तो कुणी करून देत नाही.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत का, हेही विचारत जा. बहुतेकदा जामीनदार नसतो. ऊसतोडीला आलेल्या पोराकडे सातबारा कुठला, आणि ऐपतीचा दाखला घेऊन त्याच्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? अशा वेळी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला गाठायचं आणि जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज करायला लावायचा. गरिबीपायी माणूस आत राहतो याचा मला नोकरीभर संताप आला. तुलाही यावा.

‘काय केलंस?’ हा पहिला प्रश्न कधीच नको. ‘मुलाखतीला कोण येतं?’ असं विचार, घरची माणसं निघाली की तो बोलू लागतो. आणि ‘साहेबांशी बोलते’ असं उगाच म्हणू नकोस. आपण बाहेर पडून विसरतो, तो आठवडाभर दाराकडे बघत बसतो.

१९५८ च्या परिविक्षा कायद्याचं कलम ६ पाठ कर. जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर एकविसाच्या आतल्या पोराला कारणं नोंदवल्याशिवाय कोर्टाला तुरुंगात धाडता येत नाही, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघावा लागतो. तो अहवाल टेबलावर बसून होत नाही. पोराच्या घरी जा, चहा घे, शेजारणीशी बोल. ‘वर्तन समाधानकारक’ या ओळीतून न्यायाधीशाला काय कळणार? ‘गॅरेजमालक परत कामावर घ्यायला तयार आहे’ यातून कळतं.

कन्नड मात्र मनापासून शिक. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात मराठीवर निभेल, पुढं नाही.

दिवाळीत आलीस की आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊ. १९३९ मध्ये औंध संस्थानात मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून कैद्यांची ही खुली वसाहत उभी राहिली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच निघाला. तिथं बंदी बायकापोरांसह राहून शेती करतात. परवानगी काढावी लागेल, तेव्हा सुट्टीच्या तारखा आधी कळव.