सर्व्हर बंद पडला तर भरपाई कोण देणार?

प्रश्न : आम्ही दोघे चुलतभाऊ एरंडोलहून पोलिस भरती आणि तलाठी भरतीच्या सराव परीक्षा ऑनलाइन घेतो. भागीदारी फर्म आहे, जीएसटी नोंदणीही आहे. जळगाव-धुळ्यातले सुमारे ४ हजार विद्यार्थी प्रत्येकी २९९ रुपये भरून वर्षभराची टेस्ट सिरीज घेतात. रविवारी सकाळी १० वाजता सगळे एकदम लॉगिन करतात आणि आमचे शेअर्ड होस्टिंग मान टाकते. आता तीन पर्याय आहेत. ओळखीचा वेब डेव्हलपर स्वतःच्या खात्यातून, वर्षाच्या ठरावीक रकमेत ‘अनलिमिटेड’ सर्व्हर देतो म्हणतो. एक परदेशी कंपनी डॉलरमध्ये स्वस्त देते. तिसरा पर्याय मोठ्या क्लाउड कंपनीचे मुंबईतले सर्व्हर, बिल वापराप्रमाणे. काय घ्यावे? ऐन परीक्षेत बंद पडले तर भरपाई मिळेल का?
— एक वाचक, एरंडोल

उत्तर : आधी भरपाईचे बोलू, कारण निवड त्यावरच ठरते. होस्टिंगच्या करारात सेवा किती वेळ चालू राहील याची टक्केवारी दिलेली असते. ९९.९ टक्के हा आकडा भक्कम वाटतो. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा असा होतो. ही ४३ मिनिटे रविवारी १० वाजता आली, तर तुमची अख्खी परीक्षा बुडेल आणि तरीही कंपनीने करार मोडलेला नसेल. मोडला, तरी बहुतेक करारांत भरपाई म्हणजे पुढच्या बिलात थोडी सूट, एवढेच. महिन्याचे बिल १२ हजार असेल आणि सूट १० टक्के, तर हातात १,२०० रुपये. तुम्ही विद्यार्थ्यांकडून घेतलेत जवळपास १२ लाख.

आता दुसरी बाजू बघा. तुमचे विद्यार्थी ग्राहक आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्यांना स्वतः राहतात त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. म्हणजे शिरपूरचा मुलगा तुम्हाला धुळ्यात बोलावू शकतो. तुमची फर्म मात्र धंद्यासाठी सेवा घेते, म्हणून कायद्याच्या अर्थाने ती सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यांना अपवाद आहे, पण त्यावर विसंबू नका. होस्टिंग कंपनीशी वाद झालाच, तर करारात लिहिलेल्या शहरात किंवा लवादापुढे जावे लागेल. कलम वाचताना शहराचे नाव आधी शोधा.

म्हणून माझे मत तिसऱ्या पर्यायाकडे आहे, पण दोन अटींवर. पहिली, खाते फर्मच्या नावाने, फर्मच्या ईमेलवर आणि फर्मच्या कार्डावर असले पाहिजे. डोमेनसुद्धा. ओळखीच्या माणसाच्या खात्यातला सर्व्हर हा मला तिन्हींतला सर्वांत धोक्याचा पर्याय वाटतो. माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. उद्या तो आजारी पडला, त्याचे बिल थकले किंवा तुमचे बिनसले, तर ४ हजार मुलांचे निकाल दुसऱ्याच्या पासवर्डमागे अडकतील. शिवाय ‘अनलिमिटेड’च्या खाली रास्त वापराची अट बहुधा असतेच, आणि तुमचा रविवारचा भार नेमका तीच अट ओलांडतो. त्याच्याकडून देखभाल जरूर घ्या, लेखी करार करून, ठरलेल्या फीवर.

दुसरी अट बिलाची. वापराप्रमाणे बिल म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटाचेही पैसे. खर्चाची मर्यादा लावली की बहुतेक ठिकाणी फक्त इशाऱ्याचा ईमेल येतो. यंत्रे आपोआप थांबत नाहीत. ती थांबवायची सोय तुमच्या डेव्हलपरकडून वेगळी करून घ्या. प्रश्नपत्रिकेतली चित्रे आणि आकृत्या सीडीएनवर, म्हणजे अशा फायली वेगळ्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवेवर, ठेवा, म्हणजे मुख्य सर्व्हरवर फक्त लॉगिन आणि उत्तरे येतील. ‘ऑटो स्केलिंग आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. नवी यंत्रे उभी राहायला काही मिनिटे जातात, आणि तुमची गर्दी एका मिनिटात येते. वेळ ठरलेली आहे हे तुमचे भाग्य. साडेनऊलाच जादा यंत्रे चालू करा, परीक्षा संपली की बंद करा.

ही धास्ती लहान धंद्यापुरती नाही. १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. २१ ऑगस्ट २०२३ रोजी तलाठी भरतीच्या परीक्षेतच सर्व्हर बंद पडून राज्यभर केंद्रांबाहेर उमेदवार ताटकळले. तुमच्या मुलांनी ते अनुभवलेले असेल. म्हणून करारापूर्वी चाचणी मागा : ४ हजार खोटे लॉगिन एका मिनिटात, तुमच्याच अॅपवर. बहुतेक वेळा आधी सर्व्हर नाही, डेटाबेस गुदमरतो, आणि तो दोष कंपनी बदलून जात नाही.

परदेशी कंपनीचा स्वस्त दर कागदावरच स्वस्त आहे. नोंदणीकृत असल्याने १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच रोखीने भरावा लागेल. क्रेडिट नंतर मिळते, पण पैसे आधी जातात. कार्डावरचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे. भारतीय कंपनीचे रुपयांतले बिल तुमच्या सीएलाही सोपे.

माहितीचेही पाहा. मुलांचे मोबाइल नंबर आणि गुण तुमच्याकडे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, होस्टिंग कंपनीवर ढकलता येत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधने १८ महिन्यांनी लागू होतील. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे २०२२ पासूनच बंधनकारक आहे. ते लॉग कोण ठेवणार, हे कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

शेवटी, तुमच्या स्वतःच्या अटींत आजच लिहा : तांत्रिक बिघाडाने परीक्षा बुडाली तर ७ दिवसांत पुन्हा घेऊ, न जमल्यास त्या परीक्षेचे पैसे परत. मराठीत लिहा, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर. रोज डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा ती उघडून, चालवून पाहा.