थंडीत इंजिन घेत नाही? पेटता बोळा आधी बाजूला ठेवा

गव्हाची मुकुटमुळं पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांत फुटतात आणि तेव्हाचं पाणी चुकवता येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत नवापूर तालुक्यात थंडी वाढते. चिंचपाडा परिसरात विहिरीवरचं किंवा नाल्याकाठचं डिझेल इंजिन सकाळी हँडल मारून मारूनही उचलत नाही. मग घाई होते, आणि अपघात या घाईतच होतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. लोखंड गार असेल, ऑइल घट्ट झालं असेल, रिंगा झिजून कॉम्प्रेशन गळत असेल, तर हवा पुरेशी तापत नाही. आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठण्याची भीती मात्र फारशी नाही. म्हणून रोजच त्रास देणाऱ्या इंजिनात दोष शोधा: फिल्टर चोंदलाय का, डिझेलच्या नळीत हवा शिरलीय का, नोझल फवारतंय की नुसतं ठिबकतंय? नळीतली हवा काढली आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घातलं, की बरीच इंजिनं पहिल्या-दुसऱ्या हँडलला उचलतात.

सर्वांत जास्त चालतो तो चिंध्यांचा बोळा. डिझेलमध्ये भिजवून पेटवायचा आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचा. जुन्या इंजिनांच्या एअर क्लीनरमध्ये खाली वाटीत ऑइल असतं, नव्यांत कागदी फिल्टर असतो. दोन्ही पेट घेतात. जळती चिंधी सुटून आत ओढली गेली तर व्हॉल्व्हपर्यंत पोचते. त्याऐवजी गरम पाणी वापरा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या जॅकेटमध्ये हाताला सोसेल इतकं गरम पाणी हळूहळू भरा. उकळतं पाणी एकदम गार लोखंडात ओतू नका, हेडला तडा जातो.

पेट्रोलचे थेंब हवेच्या नळीत टाकणं थांबवा. ते सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि अवेळी पेटतं. बाजारात मिळणाऱ्या स्टार्टिंग स्प्रेमध्ये बहुधा ईथर असतं. डिझेलला पेटायला साधारण 210 अंश लागतात, ईथर 160 ते 180 अंशांतच भडकतं. पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडाला की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या ट्रॅक्टरला ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर आहे, त्यात स्प्रे मारूच नका. तिथे नळीतच स्फोट होऊ शकतो. उत्पादकाच्या पुस्तकात परवानगी असेल तरच, तिथे सांगितलं तेवढंच आणि तसंच वापरा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. जवळ विडी, शेकोटी, पेटता दिवा नको.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीने वेढू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा, मनगट मोडतं. शाल, मफलर, उपरणं काढून ठेवा. आधी डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिनाला वेग द्या, मग सोडा. हँडलची खाच झिजली असेल तर इंजिन सुरू झाल्यावर हँडल सुटत नाही, इंजिनाबरोबर गरगरतं. असं हँडल लगेच बदला.

ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नसेल तर खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडण्याची सवय मला सगळ्यांत घातक वाटते. क्लच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच त्यात कामच करत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर सुरू होताच पुढे निघतो, आणि माणूस नेमका मागच्या चाकासमोर उभा असतो. सीटवर बसूनच चावी फिरवा. दहा सेकंदांत घेतलं नाही तर मिनिटभर थांबा.

दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावायची तर दोन्ही 12 व्होल्टच्याच हव्यात; ट्रकच्या 24 व्होल्टची जोडू नका. आधी दोन्ही बॅटऱ्यांचे प्लस जोडा. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला लावा आणि तिचं दुसरं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ पडता कामा नये.

विहिरीत उतरवलेलं किंवा बंद खोलीतलं इंजिन सुरू करून तिथे थांबू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एवढं करूनही इंजिन घेत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. गव्हाचं पाणी एक दिवस पुढे गेलं तरी चालेल.