चौथऱ्यावरून उतरलेला रणगाडा

युद्ध संपल्यावर शस्त्रांचें काय होतें? कांहीं वितळविलीं जातात, कांहीं कोठारांत गंजत पडतात, आणि कांहीं भर चौकांत चौथऱ्यावर चढवून त्यांचें स्मारक केलें जातें. सोव्हिएट संघराज्यांतील अनेक शहरीं दुसऱ्या महायुद्धाच्या स्मरणार्थ असे रणगाडे उभे करण्यांत आले. २०१४ सालच्या जून महिन्यांत पूर्व युक्रेनमधील कोस्त्यांतिनिव्का येथें रशियाच्या पक्षाच्या बंडखोरांनीं अशा एका स्मारकाचें इंजिन सुरू केलें, आणि तो जुना रणगाडा चौथऱ्यावरून खालीं उतरला. तो कोणत्या जातीचा होता व जवळजवळ सत्तर वर्षांच्या या यंत्राचा लढाईंत उपयोग तो कितपत, हे दोन प्रश्न येथें पाहूं.

प्रथम ओळख. दुरून सर्व रणगाडे सारखेच दिसतात. परंतु बाजूचीं चाकें मोजलीं म्हणजे निम्मा उलगडा होतो. टी-३४ या मध्यम रणगाड्यास प्रत्येक बाजूस पांच मोठीं चाकें असून पट्टा त्यांच्या माथ्यावरच टेकतो. केव्ही, आयएस-२ व आयएस-३ या जड रणगाड्यांस सहा लहान चाकें असतात, आणि पट्टा उचलून धरण्यासाठीं वर तीन निराळीं चाकें असतात. त्यांच्या मागून आलेल्या टी-१० या रणगाड्यास सात चाकें आहेत. सहा चाकें आढळल्यास समोर जाऊन पाहावें. आयएस-३ च्या पुढील भागीं दोन तिरपे पत्रे मधोमध जुळून नावेच्या नाळीसारखी धार झालेली दिसते, आणि त्याचा बुरूज उपड्या कढईसारखा बसका असतो. कोस्त्यांतिनिव्का येथील रणगाडा याच जातीचा होता. ‘आयएस’ हीं योसेफ स्तालिन या नांवाचीं आद्याक्षरें होत.

या रणगाड्याचें वजन सुमारें ४६ टन, तोफ १२२ मिलिमीटरची व डिझेल इंजिन ५२० अश्वशक्तीचें. १९४५ च्या ७ सप्टेंबर रोजीं बर्लिन येथील संचलनांत तो प्रथम जगापुढें आला. म्हणजे युरोपांतील युद्ध तोंवर संपलें होतें. ज्या युद्धाचें तो स्मारक झाला, तें त्यानें लढलेंच नव्हतें! त्याचे दोषही लक्षांत ठेवावे. गोळा व दारूचें नळकांडें निरनिराळें भरावें लागत असल्यामुळें तोफेचा मारा मंद होई, आणि आंत गोळे मावत केवळ २८.

आतां पुनरुपयोग. इंजिन चालविणें हें त्यांतल्या त्यांत सोपें. कारण त्याच वंशाचीं इंजिनें पुढें टी-७२ रणगाड्यांत बसविलीं गेलीं, व तीं जाणणारे कारागीर त्या प्रदेशांत होते. खरी अडचण तोफेची. स्मारक करतांना ती बहुधा निकामी केली जाते. आणि ती दुरुस्त केली तरी टी-७२ च्या १२५ मिलिमीटर तोफेचा गोळा तिला चालत नाहीं. उलट, २०२३ सालीं रशियानें कोठारांतून काढलेले टी-५४ व टी-५५ हे रणगाडेही जुनेच. परंतु त्यांच्या १०० मिलिमीटर तोफांसाठीं गोळ्यांचा सांठा उपलब्ध होता, म्हणून ते दुरून मारा करण्याच्या कामीं आले. यंत्राचें वय किती, यापेक्षां त्याच्या मागें दारूगोळा, सुटे भाग व कारागीर किती, हेंच अधिक महत्त्वाचें ठरतें.

एका नाक्यावरील हल्ल्यांत हा रणगाडा वापरल्याचें बंडखोरांनीं सांगितलें. जुलै २०१४ मध्यें युक्रेनच्या सैन्यानें शहर घेतलें तेव्हां तो त्यांच्या हातीं लागला व पुढें कीव्ह येथें प्रदर्शनांत ठेवण्यांत आला. चालणारा प्रत्येक रणगाडा लढणारा नसतो. म्हणून वार्तेंतील चित्र पाहून चकित होण्यापूर्वीं चाकें मोजावीं व गोळ्यांची चौकशी करावी. मात्र एक गोष्ट मोजतां येत नाहीं. आजोबांच्या स्मरणार्थ जेथें फुलें वाहिलीं जात, तेथूनच नातवांवर रोखण्यासाठीं तोफ उतरविली गेली. स्मारक राखणें म्हणजे लोखंडास रंग देणें एवढेंच नव्हे, हा धडा त्या रिकाम्या चौथऱ्यानें दिला.