पडद्यावरून जाणारी ओळ

आगगाडीचे आरक्षण करताना पडद्यावर प्रवाशांची नावे भरावी लागतात. त्या यादीची वाचकाने कल्पना करावी. यादीत पाच नावे असून प्रत्येकापुढे ते वगळण्यासाठी फुलीचे चिन्ह आहे. तिसऱ्या नावापुढील फुलीवर आपण बोट ठेवतो. त्याच क्षणी ते नाव नाहीसे होते आणि चौथे त्याच्या जागी येऊन बसते. हे इतक्या त्वरेने घडते की, काही बदलले हेच डोळ्यांना जाणवत नाही. बोट नीट पडले नसावे अशा समजुतीने आपण तेथेच पुन्हा दाबतो, आणि ज्याला वगळण्याचा आपला मुळीच हेतू नव्हता असा एक प्रवासी यादीतून जातो.

तिसरी ओळ विरत गेली असती व खालच्या ओळी सावकाश वर सरकल्या असत्या, तर ही चूक बहुधा टळली असती. पडद्यावरील हालचालीचे खरे प्रयोजन हेच होय. तिला निव्वळ शोभा समजून नाकारणारे आणि निव्वळ शोभेसाठी ती जागोजाग पेरणारे (यांची संख्या अधिक आहे) या दोघांचेही त्याकडे दुर्लक्ष होते.

परंतु हे साधे दिसणारे काम घटकपद्धतीने रचलेल्या पृष्ठात अवघड होऊन बसते. २०१३ मध्ये फेसबुकने खुले केलेले ‘रिअ‍ॅक्ट’ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले इव्हान यू यांचे ‘व्ह्यू’ ही या पद्धतीची परिचित साधने. यांत पृष्ठ लहान लहान घटकांचे बनलेले असते. ‘ही ओळ काढ, ती ओळ घाल’ अशा आज्ञा सहसा लिहिल्या जात नाहीत. अमुक माहिती असता पडदा कसा दिसावा, एवढेच सांगून ठेवलेले असते. माहिती बदलली की नव्या चित्राची जुन्याशी तुलना होते आणि फरक तेवढा ब्राउझरच्या पृष्ठरचनेत उतरवला जातो. येणाऱ्या घटकाची यात फारशी अडचण नाही. तो पृष्ठावर दाखल झालेला असतो, त्याला हळूहळू उजळवता येते. जाणारा घटक मात्र नव्या चित्रात नसतोच. म्हणून तो तत्काळ काढला जातो. जे उरलेच नाही, त्याला हालचाल कशी देणार?

यावर योजलेली युक्ती अशी : यादीभोवती एक पालक घटक ठेवावयाचा. नव्या यादीत एखादी ओळ नाही असे दिसताच त्याने जुन्या यादीतील ती ओळ स्वतःजवळ राखून ठेवावी, तिला ‘जाणारी’ असे चिन्ह लावावे आणि तिची हालचाल पुरी झाल्यावरच सोडून द्यावे. व्ह्यूमध्ये ही सोय मुळातच आहे. रिअ‍ॅक्टमध्ये ती बराच काळ ‘रिअ‍ॅक्ट ट्रान्झिशन ग्रूप’सारख्या स्वतंत्र लायब्ररींकडून घेतली गेली. अशी राखलेली ओळ माहितीच्या दृष्टीने संपलेली असली, तरी पृष्ठावर ती जिवंत असते. तिच्यावरील फुली अजून दाबता येते, आणि अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणारी साधने तिचे नाव उच्चारतात. म्हणून निघालेल्या ओळीचे हे दोन्ही व्यवहार प्रथम बंद करावे लागतात. घाईत लिहिलेल्या पृष्ठांत नेमके हेच राहून जाते.

कोणती ओळ गेली, हे पालकाला कळते ते ओळखखुणेवरून. ही खूण, जिला व्यवहारात ‘की’ म्हणतात, प्रवाशाची स्वतःची असावी. त्याच्या अनुक्रमांकाची नसावी. अनुक्रमांक वापरल्यास तिसरा प्रवासी वगळल्यावर उरलेल्या चौघांना पहिले चार क्रमांक मिळतात, आणि पाचवा क्रमांक गेला असा निष्कर्ष निघतो. मग तिसऱ्या व चौथ्या ओळीतील नावे पूर्वीसारखीच एकदम बदलतात आणि विरत जाते ती पाचवी ओळ. एवढेच नव्हे, तर पाचवा प्रवासी क्षणभर दोन ठिकाणी दिसतो. अशी हालचाल हालचाल नसण्याहून वाईट.

आता खालच्या ओळी सरकण्याचा प्रश्न. ओळीची उंची ४८ पिक्सेल धरू. पॉल लुईस यांनी २०१५ मध्ये ‘फ्लिप’ या नावाने मांडलेली रीत येथे उपयोगी पडते. चौथी ओळ आरंभी वरून १४४ पिक्सेलवर असते, ती मोजून ठेवावयाची. बदल होऊ द्यावयाचा. नवी जागा, म्हणजे ९६, पुन्हा मोजावयाची. ब्राउझरने नवे चित्र रंगवण्यापूर्वीच ओळीला ४८ पिक्सेल खाली ढकलावयाचे, म्हणजे ती जुन्याच जागी दिसते. त्यानंतर हे ढकलणे सुमारे २०० मिलिसेकंदांत शून्यावर आणावयाचे. अर्थात, राखून ठेवलेली ओळ जागा अडवून असेल तर चौथीला वर यायला वावच मिळत नाही. म्हणून जाणारीला रचनेच्या प्रवाहातून बाहेर काढावे लागते.

ओळीचे स्थान दर क्षणी थेट बदलत नेले, तर प्रत्येक वेळी ब्राउझरला मांडणीचे गणित नव्याने करावे लागते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. दृश्य विस्थापन आणि पारदर्शकता यांच्या बदलाला ते गणित लागत नाही. म्हणून ही दोनच साधने पसंत केली जातात.

हालचालीने काही व्यक्तींना घेरी येते, मळमळते. अशांसाठी ‘हालचाल कमी करा’ ही निवड संगणकात व फोनमध्ये असते आणि पृष्ठाला ती वाचता येते. तिचा मान राखून संक्रमणाचा अवधी शून्य केला जातो, पण येथे एक खड्डा आहे. पालक घटक जाणाऱ्या ओळीला सोडतो तो पुष्कळदा ‘संक्रमण संपले’ या ब्राउझरच्या सूचनेवरून. अवधी आणि विलंब दोन्ही शून्य असता संक्रमण सुरूच होत नाही, तेव्हा सूचनाही येत नाही. आणि वगळलेला प्रवासी यादीत तसाच चिकटून राहतो. म्हणून सूचनेच्या जोडीला ठरावीक वेळेची मर्यादा घालावी, आणि हालचाल बंद असेल तर ओळ लगेच सोडावी.